हात मागे ठेवायचे दिवस

पंकजाच्या त्या पत्राला काकासाहेबांनी उत्तर पाठवलं नव्हतं, याला येत्या श्रावणात तेरा वर्षं पुरी होणार होती.

वहीची चार पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली. पुण्याच्या एका दवाखान्यात नोकरीला लागून तिला तेव्हा वर्ष झालं होतं आणि पत्र नर्सेसच्या होस्टेलवरून आलं होतं. घरात मोबाईल होता. पण फोनवर अण्णा, म्हणजे काकासाहेब, 'बरी आहेस ना? जेवलीस का?' यापुढे सरकत नाहीत, हे पोरीला पक्कं ठाऊक होतं. कागद समोर असला की त्यांना बोलता येतं, असा तिचा समज. तो अगदीच खोटा नव्हता. काकासाहेबांनी उत्तराचे पाच मसुदे केले होते. पाचही वाचनालयाच्या रद्दीत गेले.

तिने लिहिलं होतं, कॉलेजात शिकलेली एक गोष्ट वॉर्डात रोज आठवते. एका परदेशी बाईंनी मांडलेला सिद्धांत आहे. माणूस एरवी स्वतःची काळजी स्वतःच घेत असतो. खातो, धुतो, उठतो, निजतो. आजारपणात ती ताकद कमी पडते. जेवढी कमी पडली, तेवढीच परिचारिकेने भरून काढायची. त्याहून एक तीळही जास्त नाही. कधी सगळं तिने करायचं, कधी निम्मं तिने आणि निम्मं पेशंटने, आणि कधी नुसतं शिकवून जवळ उभं राहायचं. 'आमच्या मॅडम म्हणायच्या, हात पुढे करायला तुम्ही सहा महिन्यांत शिकाल, मागे ठेवायला शिकायला फार वर्षं लागतील.' आणि शेवटच्या पानावर: 'हनुमंतदादा म्हणतो, बेडपॅन उचलायला थिअरी कशाला लागते? मला त्याला उत्तर देता येत नाही. अण्णा, तुम्ही एवढं वाचता. हे खरंच शास्त्र आहे, की सेवेलाच दिलेलं मोठं नाव? मला पुढे एम.एस्सी. करायचं आहे. तुम्ही हो म्हणालात तर फॉर्म भरते.'

काकासाहेब तेव्हा नेवाशाच्या वाचनालयात ग्रंथपाल होते. अकरा हजार पुस्तकांत त्यांनी शोधलं, तर शुश्रूषेवर एकच निघालं, प्रथमोपचाराचं, तेही कसर लागलेलं. ज्या विषयातलं आपण अक्षर वाचलेलं नाही, त्यावर मत कसं द्यावं? पुण्याहून दोन-तीन पुस्तकं मागवू, वाचू आणि मग सावकाश लिहू, असं त्यांनी ठरवलं. पुस्तकं आली नाहीत. मग उशीर झाला. मग एवढ्या उशिरा काय तोंडाने लिहायचं, असं झालं. पत्र त्यांनी शब्दकोशात ठेवून दिलं आणि तो शब्दकोश उघडायचं शक्यतो टाळलं.

तो त्यांनी परवा उघडला. कारण भिंतीवरचा कागद.

त्यांच्या बायकोच्या, लंकाबाईंच्या, अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू लुळी पडली, नऊ दिवस नगरच्या दवाखान्यात काढून त्यांना घरी आणलं, त्याला आज बारा दिवस झाले होते. पंकजा आता नगरलाच एका नर्सिंग कॉलेजात शिकवत होती. ती पंधरा दिवसांची रजा टाकून आली आणि आल्या दिवशी तिने जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून आईच्या पलंगासमोर चिकटवलं. त्यावर तीन रकाने. 'आपण करायचं', 'थोडा हात द्यायचा', 'आई स्वतः करील'. सगळं पेन्सिलीने, कारण रोज खोडून एखादी ओळ पुढच्या रकान्यात सरकवायची होती. 'पाणी पिणे' सरकलं होतं. 'कुशीवर वळणे' सरकलं होतं. 'जेवण' मधल्या रकान्यात अडकलं होतं आणि 'संडासला जाणे' पहिल्यातून मधल्यात आलं होतं ते कालच.

परवा काकासाहेबांनी तो कागद पहिल्यांदा नीट वाचला आणि त्यांना आपण हे कुठेतरी वाचलंय असं वाटलं. मग कुठे, तेही आठवलं.

*

रविवारी सकाळी ते ओट्यावर चमच्याला कापड बांधत बसले होते. वाचनालयात चाळीस वर्षं त्यांनी पुस्तकं बांधली. निवृत्तीनंतरही खळीची वाटी, दोरा आणि बाइंडिंगचं जाड कापड त्यांच्या पेटीत होतंच. पंकजा म्हणाली होती, चमच्याचा दांडा बारीक आहे, आईची मूठ त्यावर मिटत नाही; जाड करता येईल का? एवढंच. हे काम मात्र त्यांना कुणाला विचारायची गरज नव्हती. दांड्याभोवती खळ लावलेल्या कापडाचे फेर, वर दोरा, शेवटी गाठ दिसणार नाही अशी आत.

"झकास," पंकजा चमचा हातात तोलत म्हणाली. "कॉलेजात घेऊन जाते एक. मुलींना दाखवायला."

"खळीला मुंग्या लागतील," काकासाहेब म्हणाले. कौतुक झालं की त्यांना त्या वस्तूतला दोष सांगितल्याशिवाय राहवत नसे.

लंकाबाईंना तिने लोडाला टेकवून ताठ बसवलं, मांडीवर पाट ठेवला, पाटावर दूधभाकरीचं ताट. चमचा मुठीत दिला. आणि मागे सरून स्वतःचे हात पाठीशी बांधले.

चमचा ताटात गेला. भरला. उचलताना कलला, निम्मं लुगड्यावर सांडलं. उरलेलं तोंडापर्यंत गेलं तेव्हा हनुवटीला लागलं. काकासाहेब झटकन पुढे झाले.

"अण्णा."

"अगं, पुसतो नुसतं."

"तिचा डावा हात चांगला आहे. पदर तिथंच आहे. पुसेल ती."

लंकाबाईंनी पदराने हनुवटी पुसली. सावकाश, पण पुसली. काकासाहेबांना बघवेना. बेचाळीस वर्षांच्या संसारात या बाईने त्यांना कधी पाण्याचा तांब्या उचलून घेऊ दिला नव्हता. आता आपली पाळी आली, असं त्यांनी मनाशी धरलं होतं आणि दवाखान्यापासून ते तिचं सगळं करत सुटले होते. भरवणं, पुसणं, पांघरूण घालणं. उत्तरंसुद्धा. मोठ्या डॉक्टरांनी "आजी, नाव काय तुमचं?" विचारलं, तर हेच म्हणाले, "लंकाबाई." डॉक्टर हसून म्हणाले, "तुमचं नाही विचारलं, आजोबा." जन्मात स्वतःसाठी चार माणसांत तोंड न उघडलेला माणूस बायकोसाठी मात्र पटापट बोलायला लागला होता, आणि ती शब्द शोधेपर्यंत उत्तर देऊन झालेलं असे.

पाचव्या घासाला सांडलं नाही. लंकाबाईंनी वर पाहिलं. तोंडाची डावी बाजू हसली.

तेवढ्यात दाराशी रिक्षा थांबली.

*

मुक्ताबाई म्हणजे काकासाहेबांची थोरली बहीण. श्रीगोंद्याहून सकाळच्या एसटीने आल्या होत्या. एका हातात काकवीची बरणी, दुसऱ्या हातात तुपाचा डबा. चप्पल काढता काढताच त्यांची नजर पलंगावर गेली, लुगड्यावरच्या दुधाकडे, आणि हात बांधून उभ्या राहिलेल्या भाचीकडे.

"अगं बया! हिला घास भरवाया घरात कुनी उरलं न्हाई व्हय?"

"आत्या, ती शिकतेय हाताने."

"सत्तरीला टेकली ती, आता काय शिकती? सर तिकडं." बरणी आणि डबा खाली ठेवून त्या पलंगावर बसल्या. चमचा लंकाबाईंच्या मुठीतून काढून घेतला, उलटसुलट करून पाहिला. "हे काय रं काकासायब? चमच्याला पुठ्ठा घातलास? उद्या लंकीला बी घालशील!"

आतून काकासाहेबांची सून धनश्री हसली. काकासाहेबही हसले, आणि चमचा बाजूला पडला तो तसाच राहिला. मुक्ताबाईंनी बोटांनी भाकरी कुस्करली, वर काकवीची धार सोडली, आणि भरवायला लागल्या. तरुणपणी या दोघी नणंद-भावजयांचं एका चुलीवर कधी पटलं नव्हतं. मुक्ताबाईंनी तेव्हा काय काय बोलून ठेवलं होतं, ते दोघींनाही पाठ होतं. आता प्रत्येक घासाबरोबर मुक्ताबाईंचे डोळे भरून येत होते. "खा माझ्या बाय. माझ्या हातचा येवढा एक." आणि लंकाबाई तोंड उघडत होत्या. नणंदेच्या घासाला नाही कसं म्हणायचं?

काकासाहेबांचं लक्ष मात्र बायकोच्या उजव्या हाताकडे गेलं. मघाशी तो हात पाटावर होता. आता मांडीवर पडला होता, उलटा, तळवा वर. जणू तो तिचा नव्हताच.

हनुमंत फाट्यावरचं दुकान नोकरावर सोडून अकराला आला. कृषी सेवा केंद्र त्याचं. कपड्यांना खताचा वास. खांद्यावर मोठा खोका होता, तो त्याने पलंगापाशी ठेवला.

"काय आणलंय, दादा?" पंकजाने विचारलं. खोक्यावर चित्र होतंच.

"डायपर. मोठ्यांचे. आणि ऐक, बाई पण ठरवलीय. मालनबाई. दवाखान्यात कामाला होती ती चार वर्षं. उद्यापासून सकाळी सात ते संध्याकाळी सात. आंघोळ, भरवणं, बदलणं, सगळं पलंगावर. आईला उठायची गरजच नाही."

"मग ती उठणार कधी?"

"पडली म्हणजे?" हनुमंतचा आवाज चढला. "काल तू संडासापर्यंत चालवत नेलीस, धन्या सांगत होती, मध्ये तिचा पाय दुमडला. हाड मोडलं तर कोण बघणार? एकवीस पावलं चालायला तिला पंधरा मिनिटं लागतात, घामाघूम होते. कशासाठी? तुझ्या त्या कागदासाठी?"

"कागद माझा नाही. तिचा आहे."

"पंके, माझी आई आहे ती. तुझ्या कॉलेजातली पेशंट नाही."

"पेशंट असती तर इतकं जड गेलं नसतं, दादा," पंकजा म्हणाली. "परक्या बाईच्या हनुवटीवर दूध सांडलं की मी मनात वीस आकडे मोजते. आईच्या वेळी तीनाच्या पुढे जात नाही."

"मंग भरवावं की सरळ!" मुक्ताबाई म्हणाल्या. "लेकीनं आयला भरवायचं न्हाई, तर मंग लेक कशाला पायजे? येवढं शिकून दगड झालीस तू."

पंकजाने धनश्रीकडे पाहिलं. गेले बारा दिवस दोघींनी मिळून आईला उठवलं-बसवलं होतं. वहिनी आपल्या बाजूने बोलेल, असं तिला वाटलं असावं. धनश्री दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"ताई, खरं सांगू? राग मानू नका." तिने पदराला हात पुसले. "तुम्ही बुधवारी जाणार. मग एकवीस पावलं मी चालवायची. दिवसातून सहा वेळा, जाऊन-येऊन अर्धा अर्धा तास. पोरांचे डबे, हे दुकानात, गिऱ्हाईक घरी येतं ते वेगळंच. तुमच्या कागदावर आईंचं सगळं लिहिलंय. माझं नाव कुठंय त्यावर?"

पंकजाने भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं, आणि पेन्सिल नुसतीच बोटांत फिरवत मागच्या दाराने बाहेर गेली.

*

मागे हौदाशी ती कपडे भिजवायला बसली होती. काकासाहेब गेले, उभे राहिले. काहीतरी म्हणायला हवं होतं. त्यांनी हौदाची तोटी नीट बंद केली, जी आधीच बंद होती.

"वहिनी बरोबर बोलली," पंकजाच म्हणाली. "मुलींना हेच शिकवते मी. घरातल्या माणसाची ताकद किती, तेही मोजा म्हणते. आणि स्वतःच्या घरी विसरले."

"पत्र..." काकासाहेब म्हणाले.

"कुठलं?"

"तुझं. पुण्याहून आलेलं. चार पानांचं."

तिचे हात पाण्यात थांबले. "ठेवलंय तुम्ही ते?"

"उत्तर लिहिलं होतं. पाच वेळा. पाठवायचं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "त्या विषयातलं मला काही येत नव्हतं गं. वाचून लिहू म्हटलं."

"मला वाटलं, तुम्हाला पटलं नाही." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. "रोज दुपारी होस्टेलच्या मावशींना विचारायचे, माझं काही आलंय का? फॉर्मची तारीख गेली. मग लग्न, मग बाळंतपण. एम.एस्सी. झालं ते सहा वर्षांनी. तेही घरी शेवटच्या पेपरच्या दिवशी सांगितलं, आठवतं ना?"

त्यांना आठवत होतं. त्या दिवशीही ते 'बरं' म्हणाले होते.

"दरवर्षी वर्गात पहिल्या दिवशी मी फळ्यावर दादाचा प्रश्न लिहिते," ती म्हणाली. "बेडपॅन उचलायला थिअरी कशाला लागते? उत्तर देत नाही. म्हणते, वर्षअखेरीला तुम्ही लिहून द्या. काही मुली फार छान लिहितात, अण्णा. अकोल्याकडची एक मुलगी होती, तिने स्वतःच्या आजोबांवर सात पानं लिहिली. माझंच अजून लिहून व्हायचंय."

"तू तर मॅडम."

"मॅडम असले तरी. आता पीएच.डी. करा म्हणतात कॉलेजात. महिनाअखेर तारीख आहे. पण आईचं हे असं, आणि आत्या म्हणते तशी मी दगड." ती हसली आणि ओल्या मनगटाने नाक पुसलं. "बघू."

आतून लंकाबाईंचा आवाज आला. शब्द नव्हता, नुसता हुंकार.

*

दोघं आत आले तेव्हा सगळे पलंगाभोवती जमले होते. लंकाबाई लोडावरून घसरल्या होत्या आणि डाव्या हाताने पांघरूण ओढत होत्या.

"म... मला..."

"पाणी पाहिजे का आई?" हनुमंत वाकला.

मान हलली. नाही.

"पडायचं व्हय ग? दमलीस?" मुक्ताबाई.

"म... मला... इ..."

"इंजेक्शन? दुखतंय का? धन्या, गोळी आण ती पांढरी."

"थांबा."

कोण बोललं, हे बघायला हनुमंतने पंकजाकडे पाहिलं, मग दाराकडे. काकासाहेबांनाही क्षणभर वाटलं, दुसरंच कुणी बोललं. चाळीस वर्षांत वाचनालयात गोंगाट करणाऱ्यांना ते कधी तोंडाने गप्प म्हणाले नव्हते. 'शांतता राखा'ची पाटी उचलून समोर ठेवायचे. आज पाटी नव्हती.

"थांबा जरा. तिचं तिला बोलू द्या," ते म्हणाले. "मी पण इतके दिवस बोलू दिलं नाही."

भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज यायला लागला. लंकाबाईंचे ओठ हलत होते, बंद होत होते, परत हलत होते. मुक्ताबाईंच्या तोंडाशी तीनदा शब्द आला आणि त्यांनी तो गिळला. काकासाहेबांनी आपले दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकात एक घट्ट अडकवले.

"मला..." लंकाबाई म्हणाल्या. "मला... इचारलं... न्हाई... कुनी."

हनुमंतचा चेहरा पडला. तो पलंगाशेजारी खाली बसला. "विचारतो की. सांग ना आई. काय पाहिजे तुला?"

पुन्हा घड्याळ.

"संडासला... माझी मी... जाईन." श्वास घेतला. डावं बोट खोक्याकडे गेलं. "त्यो... दुकानात... ने."

"दुकानात? खताच्या गोण्यांशेजारी मांडू?" हनुमंत म्हणाला. हसू आलं आणि त्याच्याबरोबर डोळ्यांत पाणीही. ते त्याने बाहीने पुसलं. "पडलीस तर, आई?"

"पडन." लंकाबाई म्हणाल्या. या शब्दाला त्यांना वेळ लागला नाही. "उठवा."

"आता जायचंय का तुला?" पंकजाने हळूच विचारलं.

मान हलली. हो.

पंकजा वाकली, तर काकासाहेब आडवे आले. "मी नेतो. मला दाखव कसं ते. बुधवारनंतर मीच नेणार आहे." त्यांनी सुनेकडे पाहिलं. "धनश्री, तिथं माझं नाव लिही. सहाही वेळा. मला दुसरं काम काय आहे?"

"अण्णा, तुम्ही सत्तरीला..." धनश्री म्हणाली.

"पुस्तकांचे गठ्ठे उचललेत जन्मभर. आणि उचलायचं नाहीच आहे तिला, असं म्हणते ना ही?"

पंकजाने दाखवलं. कमरेला जुनं धोतर पट्ट्यासारखं गुंडाळायचं आणि मागून नुसतं धरायचं, ओढायचं नाही. उभं राहायचं लुळ्या बाजूला, अर्धं पाऊल मागे. तिची काठी आधी, मग उजवा पाय, मग डावा. घाई ती करणार नाही, तुम्हीच कराल, तेवढी करू नका.

लंकाबाई उठल्या. पहिलं पाऊल पडलं. हनुमंत स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला चिकटून उभा राहिला, त्याच्यामागे धनश्री, तिच्यामागे मुक्ताबाई तुपाचा डबा हातात घेऊन. कुणीतरी मोजत होतं. मोठ्याने नाही. सोळाव्या पावलाला गुडघा कापला. काकासाहेबांचा मोकळा हात पुढे निघाला, धोतराच्या पट्ट्यावरची पकड आवळली. तिने काठी रोवली. दातावर दात धरून ती उभी राहिली. हात तिथेच थांबला, हवेत, आणि मग मागे आला.

सतरा. अठरा.

एकविसाव्याला तिने काठी भिंतीला टेकवून दाराची कडी डाव्या हाताने धरली, मागे वळून सगळ्या वरातीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता... आत बी... येता का?"

मुक्ताबाई पहिल्यांदा हसल्या. इतक्या हसल्या की डबा खाली ठेवावा लागला.

*

दुपारी मालनबाईंना फोन झाला. त्या येतील, पण भाकरी-भाजी आणि धुणं एवढंच करतील, म्हणजे धनश्रीचे हात जरा मोकळे होतील. खोका हनुमंतने खांद्यावर टाकून नेला. दवाखान्याशेजारच्या दुकानाला परत देतो म्हणाला. जाताना कागदासमोर थांबला. "यात माझं काय?" त्याने विचारलं. "मलापण एखादी ओळ दे की."

पंकजाने 'रात्री कुशीवर वळताना जवळ असणे' याच्यापुढे त्याचं नाव लिहिलं.

राहिल्या मुक्ताबाई. त्या भिंतीशी पाय पसरून बसल्या होत्या, रुसल्यासारख्या. "म्हंजी आता मी काय करायचं? भरवायचं न्हाई, पुसायचं न्हाई. नुसतं बघायला येऊ व्हय मी श्रीगोंद्याहून?"

पंकजाने तोंड उघडलं, तेवढ्यात लंकाबाईंनी डावा हात वर केला. या वेळी सगळे आपोआप थांबले.

"येनी..." त्या म्हणाल्या, आणि हात डोक्यावर नेला. केसांचा गुंता झाला होता. बारा दिवस कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. "मुक्ता... येनी... घाल."

मुक्ताबाईंनी खोबरेल मागवलं. मांडी घातली आणि भावजयीचं डोकं आपल्याकडे ओढून घेतलं. "हे तरी चालतं न्हवं तुझ्या त्या परदेशी बाईला?" त्यांनी भाचीला विचारलं.

"एका हाताने वेणी कुणालाच घालता येत नाही, आत्या," पंकजा म्हणाली. "तिथं सगळं आपणच करायचं." आणि पेन्सिल घेऊन पहिल्या रकान्यात एक नवी ओळ लिहिली. तिथे आज पहिल्यांदाच काही वाढलं होतं.

*

सोमवारी सकाळी काकासाहेबांनी शब्दकोश उघडला, पत्र समोर ठेवलं आणि उत्तर लिहायला बसले. पहिल्या ओळीवर अडले. खोडायला गेले, पण हात आवरला. सहावा मसुदा करायचा नाही, असं ठरवूनच बसले होते. पाऊण तासात झालं. एक पान, तेही पूर्ण नाही.

'चि. पंकजा, अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. उत्तराला तेरा वर्षं उशीर झाला. तू विचारलं होतंस, हे शास्त्र आहे का. तुझ्या विषयातलं एकही पुस्तक मी अजून वाचलेलं नाही, म्हणून जे पाहिलं तेवढंच लिहितो. काल सोळाव्या पावलाला तुझ्या आईचा गुडघा कापला. माझा हात पुढे गेला होता. तो मी मागे घेतला, आणि ती चालली. प्रेमावर सोडलं असतं तर मी तिला धरून उचललंच असतं. बारा दिवस तेच करत होतो. तो हात मागे घ्यायला तू शिकवलंस, तुला तुझ्या मॅडमनी शिकवलं, आणि त्यांना कुणीतरी. हनुमंताला हे दाखव. त्या वर्षी मी लिहायला हवं होतं ते आज लिहितो. हो. फॉर्म भर. तारीख चुकवू नकोस. तुझे अण्णा.'

पत्र हातात देता आलं असतं. पंकजा मागे हौदावर केस धूत होती, गाणं गुणगुणत. पण पोस्टाने आलेल्या पत्राचं उत्तर पोस्टानेच जायला पाहिजे, असं त्यांना वाटलं. शिवाय हातात दिलं तर ती समोर वाचेल, आणि ते त्यांना सोसवलं नसतं. पाकिटावर त्यांनी कॉलेजचा पत्ता घातला. बुधवारी ती जाईल, गुरुवारी-शुक्रवारी तिच्या टेबलावर पडेल.

लंकाबाई पलंगावरून बघत होत्या.

"क... कुनाला?"

काकासाहेबांनी सांगितलं. सगळं सांगितलं, होस्टेलच्या मावशींचंसुद्धा. त्या ऐकत राहिल्या. मग उजवा हात मांडीवरून थोडा उचलला, पुढे केला. त्यांना वाटलं, पत्र हवंय वाचायला. तसं नव्हतं. बोटं पाकिटावरच्या तिकिटाकडे निघाली होती, जे नुसतं ठेवलेलं होतं, चिकटवायचं होतं.

त्यांनी खळीची वाटी पाटावर ठेवली, पाकीट ठेवलं, तिकीट ठेवलं. आणि हात मागे घेतले.

अंगठा खळीत बुडाला. जरा जास्तच. तिकीट एकदा निसटलं, पाटाखाली गेलं. त्यांनी उचलून दिलं नाही, लंकाबाईंनी डाव्या हाताने शोधलं. मग उजव्या अंगठ्याने ते पाकिटावर टेकवलं आणि दाबलं, बराच वेळ. हात उचलला तेव्हा तिकीट बसलं होतं. तिरपं. खळ चारी बाजूंनी बाहेर आलेली. चाळीस वर्षं पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या काटकोनात लावलेल्या माणसाची बोटं शिवशिवली.

"बस... लं?" लंकाबाईंनी विचारलं.

"बसलं," काकासाहेब म्हणाले.

धनश्रीला सांगून ते निघाले. उन्हात पाकीट वाळावं म्हणून हातात मोकळंच धरलं होतं. पोस्टाच्या दाराशी एक ओळखीचे मास्तर भेटले. आजकाल पत्र कोण लिहितं म्हणून हसले, आणि तिकीट वाकडं लागलंय, म्हणाले, ओलं आहे तोवर सरळ करा.

"नको," काकासाहेब म्हणाले. "तसंच असू द्या."

आणि लाल पेटीच्या फटीत त्यांनी पाकीट आत ढकललं. ते तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत थांबले, मग घराकडे वळले. लंकाबाईंच्या अकराच्या फेरीची वेळ झाली होती.